बॉस्कॉव्ह्ज टिकलं कसं? : घरच्या मालकीची डिपार्टमेंट स्टोअर्स

पिंपळपार
मंडळी, उन्हाळ्यात डॅलसहून रेडिंगला (पेनसिल्व्हेनियातलं) आलो. ऑफिसात कुणालाही विचारा, थंडीचा कोट कुठे घ्यायचा, गादी कुठे, फ्रिज कुठे, चष्मा कुठे, उत्तर एकच : बॉस्कॉव्ह्ज. मला वाटलं एखादं धूळ खात पडलेलं जुनं दुकान असेल. रविवारी गेलो तर पार्किंगला जागा नाही! आत कपडे, भांडीकुंडी, सोफे, धुलाई यंत्रं, खेळणी, गोळ्या-चॉकलेटांचा काउंटर, श्रवणयंत्रांचा विभाग आणि चक्क सहलींचं बुकिंगसुद्धा. बायको म्हणाली, हे दुकान आहे की तालुका?

घरी येऊन थोडं वाचलं. १९१४ च्या सुमाराची सुरुवात, दुकानं पन्नासच्या आसपास, आणि मालकी अजून त्याच कुटुंबाकडे. अशाच मोठ्या साखळ्यांपैकी सिअर्स संपल्यात जमा आहे, बॉन-टॉन २०१८ मध्ये गेलं, मेसीज एकेक दुकान बंद करतंय. मग हेच कसं तगलं?

माझा अंदाज असा की घरची मालकी हेच खरं कारण. शेअर बाजाराला दर तिमाहीला नफा दाखवायची घाई नाही, त्यामुळे माणूस लांबचा विचार करतो. या भागात राहिलेल्यांनी कृपया भर घाला. इतर राज्यांतल्या अशा घरगुती साखळ्यांबद्दलही वाचायला आवडेल.

तिरफळ
उत्तर सोपं आहे. पेनसिल्व्हेनियात कुणाला बदल आवडत नाही. दुकान बंद केलं तर लोक दाराशी येऊन उभे राहतील, म्हणून बंद करत नाहीत.

केळफूल
@तिरफळ 😄

गोळ्या-चॉकलेटांच्या काउंटरबद्दल +१. माझ्या मुलीला लहानपणी वाटायचं की बॉस्कॉव्ह्ज म्हणजे चॉकलेटचंच दुकान आणि बाकीचे मजले आईबाबांना कंटाळा येऊ नये म्हणून ठेवलेत.

जुना_खांब
धागा पाहून राहवलं नाही. आम्ही ऐंशीच्या दशकात रेडिंगला आलो. तेव्हा एटी अँड टीचा मोठा कारखाना इथे होता, ॲलनटाउनलाही होता, आणि त्यामुळे दोन्हीकडे बरेच भारतीय इंजिनीअर होते. तेव्हापासून हे दुकान बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सॉलोमन बॉस्कॉव्ह हा रशियन साम्राज्यातून आलेला ज्यू तरुण. पाठीवर माल घेऊन खेड्यापाड्यांत, शेतावर शेतावर फिरून विकायचा. रेडिंगच्या आसपासचे शेतकरी जर्मन वंशाचे, घरात त्यांची जुनी जर्मन बोली. याची यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, त्या बोलीच्या बरीच जवळची. इंग्रजी धड येत नसताना गिऱ्हाइकाशी थेट बोलता येणं ही फेरीवाल्यासाठी केवढी मोठी गोष्ट! पुढे त्याने शहरात नववा रस्ता आणि पाइक स्ट्रीटच्या कोपऱ्यावर दुकान टाकलं. ती कामगारांची वस्ती. मुख्य बाजारपेठ पेन स्ट्रीटवर, तिथे पॉमेरॉयसारखी भारी दुकानं. बॉस्कॉव्ह्ज त्या मानाने कोपऱ्यातलं, स्वस्त मालाचं दुकान. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच आलं असं मला वाटतं.

सॉलोमनचा धाकटा मुलगा अल्बर्ट, जन्म १९२९. सगळं गाव त्याला अल म्हणायचं. त्याने आणि त्याचा मेहुणा एडविन लेकिन यांनी दुकानाची साखळी केली. साठच्या दशकात रेडिंगच्या भोवती पश्चिम, उत्तर, पूर्व अशी दुकानं उघडली. लोक शहर सोडून उपनगरात निघाले होते, हेही त्यांच्या मागोमाग गेले. मग इतर गावं. पण कोणती? लेबनन, पॉट्सव्हिल, विल्क्स-बॅरी, स्क्रँटन, अल्टूना, बिंगहॅम्टन. कोळशाची, रेल्वेची, कारखान्यांची गावं, जिथे मोठ्या कंपन्या ढुंकून बघत नव्हत्या. फिलाडेल्फियाच्या भर बाजारात जाऊन वॉनामेकरसारख्या बड्या दुकानाशी दोन हात करायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

आमच्यासाठी दुकानाचं महत्त्व वेगळंच होतं. नव्याने आलेल्या माणसाला बँक क्रेडिट कार्ड देत नसे, कारण आधीचा उधारीचा इतिहास नाही, आणि कार्ड नाही म्हणून इतिहास तयार होत नाही. डिपार्टमेंट स्टोअरचं स्वतःचं कार्ड त्या मानाने लवकर मिळे. माझ्यासकट कित्येकांचं अमेरिकेतलं पहिलं कार्ड असल्याच एखाद्या दुकानाचं. आणि भारतात जायच्या आधीची खरेदी! मोठ्या सुटकेसा, बहिणीला परफ्यूम, मेव्हण्याला शेव्हर, आईला कॉर्निंगची भांडी, सगळ्यांना पुरतील एवढे टॉवेल. एका छताखाली सगळं होऊन जाई.

सुगरण_नव्हे
@जुना_खांब, टॉवेल!! आमच्या पार्ल्याच्या घरी त्या काळात मामाने आणलेले टॉवेल अजून "पाहुण्यांसाठी" म्हणून कपाटात आहेत. पाहुणे येतात, जातात, टॉवेल तिथेच.

तिरफळ
ते टॉवेल बॉस्कॉव्ह्जपेक्षा जास्त टिकणार.

ताळेबंद
जुना_खांब यांचा प्रतिसाद सुंदर. पण मूळ धाग्यातल्या निष्कर्षाशी मी असहमत आहे. "घरची मालकी म्हणून टिकलं" हे ऐकायला छान वाटतं, पण पुरावा उलट आहे.

पिंपळपार यांनीच बॉन-टॉनचा उल्लेख केला आहे. ते तरी कुणाचं होतं? १८९८ साली यॉर्कमध्ये ग्रुमबाकर बापलेकांनी सुरू केलेलं. रेडिंगपासून गाडीने फार लांब नाही. गावं तशीच, गिऱ्हाईकही तसंच. १९८७ मध्ये त्यांनी पॉमेरॉय घेतलं, १९९१ मध्ये शेअर बाजारात गेले, तरी मतांचं बळ कुटुंबाकडेच ठेवलं. १९९४ मध्ये ॲलनटाउनच्या हेसेस साखळीची बरीचशी दुकानं, २००३ मध्ये ओहायोचं एल्डर-बीअरमन. मग २००६ मध्ये शंभर कोटी डॉलरहून जास्त मोजून सॅक्सकडून शिकागो-मिलवॉकीकडच्या कार्सन्स वगैरे साखळ्या. एका फटक्यात दुप्पट झाले. ते कर्ज शेवटपर्यंत फिटलं नाही आणि २०१८ मध्ये अडीचशेहून जास्त दुकानांचा लिलाव झाला. घरची मालकी होती, लांबचा विचार नव्हता.

आता बॉस्कॉव्ह्ज. २००५ मध्ये फेडरेटेडने, म्हणजे मेसीजच्या मालकांनी, 'मे' नावाची डिपार्टमेंट स्टोअर्सची कंपनी गिळली. पुढच्या वर्षी स्ट्रॉब्रिज, कॉफमन्स, मार्शल फील्ड्स अशा जुन्या नावांच्या पाट्या उतरवून सगळीकडे मेसीज लावलं. एकाच मॉलमध्ये दोन दुकानं झाली तिथलं एक विकायला काढलं. त्यातली दहा बॉस्कॉव्ह्जने उचलली, अगदी बॉल्टिमोरच्या आसपासपर्यंत. त्याच सुमारास अल निवृत्त झाला होता आणि सूत्रं एडविनचा मुलगा केनेथ याच्याकडे होती. म्हणजे विस्तार घरच्यांनीच केला. ऑगस्ट २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, आणि तेव्हाच्या ४९ पैकी १० दुकानं बंद.

शेअर बाजार नव्हता, तिमाहीची घाई नव्हती, तरी खड्ड्यात गेलेच. त्यामुळे मालकी कुणाची यापेक्षा कर्ज किती हा प्रश्न विचारा.

पिंपळपार
@ताळेबंद, मुद्दा जोरदार आहे. पण मग २००८ नंतर परत उभं कसं राहिलं? त्याच वर्षी बुडालेल्यांपैकी बाकीचे कुठे आहेत?

ताळेबंद
बहुतेक सगळे स्मशानात. २००८ मध्ये दुकानदार बुडण्याची पद्धत ठरलेली होती. दुकानाकडे रोख नसते, माल उधारीवर येतो. पुरवठादार त्या उधारीचा विमा काढतो किंवा ती उधारी एखाद्या वित्तसंस्थेला विकतो. दुकान डळमळतंय अशी कुजबुज झाली की वित्तसंस्था हात वर करतात. मग पुरवठादार आधी पैसे मागतो. पैसे नसतात, नाताळच्या आधी फडताळं रिकामी राहतात आणि खेळ संपतो. दिवाळखोरीचा अर्ज ऑगस्टमध्ये करणं म्हणजे हंगामाच्या तोंडावर करणं. त्या वर्षी मर्विन्ससारखी कॅलिफोर्नियातली मोठी साखळीही नाताळापर्यंत आवरली.

बॉस्कॉव्ह्जसाठी एका गुंतवणूक कंपनीची बोली आलेली होती. मग अल आणि एडविन पुढे आले आणि त्यांनी दुकान परत विकत घेतलं.

जुना_खांब
इथे मला बोलू द्या, कारण ते दिवस आम्ही गावात राहून पाहिले आहेत. अल तेव्हा ७९ वर्षांचा होता. त्या वयात माणूस गुडघे सांभाळत बसतो. हा स्वतःचा आणि नातेवाइकांचा पैसा घालून, बँका गोळा करून, गव्हर्नर रेंडेलकडे जाऊन उभा राहिला. राज्याने सुमारे साडेतीन कोटी डॉलरच्या सरकारी हमीच्या कर्जाची सोय केली. बाकीची रक्कम खासगी. २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली.

आणि नंतर मोठी झेप घ्यायच्या फंदात पडले नाहीत. वर्षाला फार तर एखादं दुकान. बॉन-टॉन गेल्यावर, सिअर्स गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागा बघून बघून घेतल्या.

अल २०१७ च्या फेब्रुवारीत गेला. त्याआधीच २०१५ मध्ये त्याचा पुतण्या जिम याच्याकडे कारभार आला होता.

झणझणीत
थांबा थांबा. साडेतीन कोटी डॉलर सरकारी हमीचे? एका खासगी कपड्याच्या दुकानासाठी? उद्या माझा पोळीभाजीचा धंदा बुडाला तर गव्हर्नर येणार का?

ताळेबंद
@झणझणीत, नेमका प्रश्न. ही योजना केंद्राच्या गृहनिर्माण खात्याची. पैसे थेट दुकानाला मिळत नाहीत. गाव किंवा काउंटी कर्ज घेते आणि दुकानाला देते. तारण म्हणून गावाला दरवर्षी मिळणारं विकास अनुदान लावलेलं असतं. दुकान बुडालं तर गावाच्या रस्त्यांचे, गटारांचे, गरिबांच्या घरांचे पैसे कापले जाणार. रेडिंगसारख्या शहराला हे परवडणारं नाही. २०११ मध्ये जनगणनेच्या आकडेवारीत ६५ हजारांवर वस्तीच्या शहरांत हे देशातलं सर्वांत गरीब शहर ठरलं होतं. अशा परगण्यातल्या गावांनी जोखीम घ्यायची आणि मालकी कुटुंबाकडे राहायची, हे तत्त्वतः मला पटत नाही. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता असं होत नाही.

कोळशाची_खाण
@ताळेबंद, तुम्ही कुठल्या गावात राहता ते माहीत नाही. मी विल्क्स-बॅरीत राहते.

आमच्या गावाला १९७२ च्या ॲग्नेस वादळात सस्क्वेहाना नदीने धुऊन काढलं होतं. कोळसा आधीच संपलेला. १९८० मध्ये बॉस्कॉव्ह्जने भर गावातलं 'बॉस्टन स्टोअर' नावाचं जुनं दुकान घेतलं. मॉलमधलं नव्हे, गावातल्या रस्त्यावरचं. ते अजून चालू आहे. अमेरिकेतल्या एवढ्याशा गावाच्या मध्यभागी कितीशी डिपार्टमेंट स्टोअर्स उरली आहेत, मोजून दाखवा. बिंगहॅम्टनचंही तसंच. १९८४ पासून भर गावात आहे.

या दुकानात पगारावर असलेली माणसं, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत चालणारी शेजारची उपाहारगृहं, समोरचं पार्किंग, बसचा मार्ग, हे सगळं ताळेबंदात कुठल्या रकान्यात येतं? गावाने स्वतःचं अनुदान तारण ठेवलं, कारण दुकान गेलं असतं तर अनुदानाने रंगवायला रस्ता उरला असता, त्यावर माणूस नसता.

झणझणीत
हे पटलं. तरी माझ्या पोळीभाजीचं बघा कुणीतरी.

मूळव्याप्ती
पॉपकॉर्न घेऊन बसलेय. चालू द्या.

स्ट्रॉबेरी_पाय
नाव बघूनच कळलं असेल कुठली आहे ती! ॲलनटाउन! तिथल्या हॅमिल्टन स्ट्रीटवरच्या हेसेसचा विषय निघाला की आमच्या सासूबाई (अमेरिकन, दहा पिढ्या ॲलनटाउनच्या) डोळे मिटून स्ट्रॉबेरी पायचं वर्णन सुरू करतात. दुकानातल्या उपाहारगृहात मिळायचा, ढिगारा रचल्यासारख्या स्ट्रॉबेऱ्या वर.

हेसेसही घरचंच. १८९७ मध्ये हेस भावांनी काढलेलं. दुसऱ्या पिढीतला मॅक्स हेस म्हणजे नाटकी माणूस, युरोपातून फॅशन आणायचा, फुलांची प्रदर्शनं भरवायचा, प्रसिद्ध लोकांना गावात आणायचा. १९६८ मध्ये त्याने दुकान विकलं. पुढे १९७९ मध्ये ते एका मॉल बांधणाऱ्या कंपनीकडे गेलं. मॉलमध्ये भाडेकरू हवा म्हणून दुकानं वाढवली आणि गावातल्या मुख्य दुकानाची कळा गेली. १९९६ ला ते बंद, २००० मध्ये इमारत पाडली.

म्हणून मला पिंपळपार यांचा मुद्दा अजून थोडासा बरोबर वाटतो. घरच्यांनी विकलं नसतं तर टिकलं असतं याची खात्री नाही. पण विकल्यावर नक्की नाही टिकलं.

सदाशिव_पेठी
घरची मालकी, तीच माणसं, गिऱ्हाइकाला ओळखतात, तरी शंभर वर्षं टिकलंय. म्हणजे दुपारी एक ते चार बंद ठेवत नसणार.

केळफूल
@सदाशिव_पेठी, हा विनोद आता निवृत्त करा हो. पेन्शन देऊ हवं तर.

गणेशोत्सव_कमिटी
एक महत्त्वाची गोष्ट राहिली. बॉस्कॉव्ह्जचा ऑक्टोबरमधला 'फ्रेंड्स हेल्पिंग फ्रेंड्स' दिवस! संस्थांनी पाच डॉलरला सवलतीचे पास विकायचे, पाचही डॉलर संस्थेचे. पास घेणाऱ्याला त्या दिवशी २५ टक्के सूट. चर्च, शाळांचे बँड, अग्निशमन स्वयंसेवक, प्राण्यांचे आश्रय सगळे विकतात. आमच्या मंडळानेही विकलेत. घरोघरी फोन करताना "वहिनी, तुम्हाला तसंही कोट घ्यायचाच आहे ना" हे वाक्य पाठ झालं होतं. दुकानाला काय फायदा? गावातल्या प्रत्येक संस्थेचा माणूस फुकटात दुकानाची जाहिरात करतो. मला हे अल बॉस्कॉव्हचं सगळ्यात हुशार काम वाटतं.

आणि दुकानांत सभागृहं आहेत, तिथे स्थानिक कार्यक्रम होतात. 'अवर सिटी रेडिंग' या संस्थेतून त्याने पडक्या घरांची दुरुस्ती करवली, जुन्या गॉगल-चष्म्यांच्या कारखान्यात २००५ मध्ये गॉगलवर्क्स हे कलाकेंद्र उभं राहिलं. मुलांना चित्रकलेच्या वर्गाला तिथेच नेतो आम्ही.

फिली_फॅन
वॉनामेकरचं नाव वर ओझरतं आलंय, ते असं ओझरतं घ्यायचं दुकान नाही! जॉन वॉनामेकरने ठरलेल्या किमतीचा आणि "आवडलं नाही तर पैसे परत"चा प्रघात या देशात रुजवला. फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलसमोर ती इमारत, मध्ये उंचच उंच चौक, तिथे तो अवाढव्य ऑर्गन. जगात चालू स्थितीतला सगळ्यात मोठा म्हणतात. नाताळात शहरातली सगळी मुलं तिथे माना वर करून उभी. तेही घरचंच होतं. मालकी बदलत बदलत शेवटी मेसीज झालं आणि मार्च २०२५ मध्ये मेसीजनेही ते बंद केलं. शेवटच्या आठवड्यात ऑर्गन ऐकायला ही गर्दी. गर्दीतल्या कितीजणांनी त्या वर्षात तिथून काही विकत घेतलं होतं, देव जाणे.

ताळेबंद
@फिली_फॅन, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. 'आमचं दुकान गेलं' म्हणून रडणारा प्रत्येक जण घरी बसून ऑनलाइन ऑर्डर देत होता.

शार्लटची_सून
दक्षिणेतून थोडी भर. आमच्याकडे बेल्क. १८८८ मध्ये विल्यम हेन्री बेल्कने नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो गावात सुरू केलं. त्याची पद्धत मजेदार होती. नव्या गावात दुकान काढताना स्थानिक भागीदार घ्यायचा आणि त्या दुकानाची वेगळी कंपनी करायची. म्हणून पाट्यांवर बेल्क-लेगेट, बेल्क-हडसन अशी जोडनावं. भागीदाराला गाव माहीत, त्यामुळे माल गावाप्रमाणे. पण पिढ्या वाढल्या तशा एकेका कंपनीत चुलत-मावस-आतेभावांचे हिस्से झाले. आपल्याकडची सातबाऱ्यावरची नावं आठवा. १९९८ मध्ये तब्बल ११२ कंपन्या एकत्र करून एक केली तेव्हा कुठे कारभार सरळ झाला.

कुटुंबातला जॉन बेल्क शार्लटचा महापौरही होता. पण २०१५ मध्ये घरच्यांनी सुमारे तीनशे कोटी डॉलरला एका गुंतवणूक कंपनीला विकलं. त्या सौद्याचं कर्ज बेल्कच्याच डोक्यावर. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि दुसऱ्या दिवशी बाहेरही आलं! आधीच सगळं ठरवून गेले होते. दुकान अजून आहे, मालक घरचा नाही.

तिरफळ
एका दिवसाची दिवाळखोरी. आमच्याकडे वीज यापेक्षा जास्त वेळ जाते.

आयोवाकर
डॅव्हनपोर्टचं व्हॉन मॉर! घरची मालकी अजून आहे. दुकानात खरा पियानो वाजवायला माणूस बसतो, भेटवस्तू फुकट बांधून देतात. फक्त किंमत बघून आम्ही पियानो ऐकतो आणि घरी येतो.

गिरगावची_चाळ
थोडं अवांतर, पण पिंपळपार यांनी परवानगी दिली आहे असं धरते. मुंबईचं अकबरअलीज आठवतंय का कुणाला? फोर्टला, वीर नरिमन रोडवर. खोराकीवाला कुटुंबाचं. आधी औषधांचं दुकान, १९५६ मध्ये डिपार्टमेंट स्टोअर झालं, आणि भारतातलं असं पहिलं दुकान म्हणून सांगितलं जायचं. त्याच घरातली वोखार्ट ही औषध कंपनी. कुटुंबाचा जीव औषधात जास्त रमला आणि पैसाही तिकडेच होता. मॉल आल्यावर दुकानाचं दुकानपण आटत गेलं. म्हणजे घरची मालकी असली की कधीकधी घरातलंच दुसरं भावंड दुकानाला मागे टाकतं.

नायगाव_बीडीडी
गिरगावची_चाळ, अकबरअलीजमध्ये जाणारी माणसं वेगळी होती हो. आमच्यासाठी अपना बाजार. १९४८ मध्ये नायगावला कामगारांनी सुरू केलेली सहकारी संस्था. घरची मालकी नाही, शेअर बाजार नाही, सभासदांची मालकी. आईच्या पिशवीत पावती नीट घडी करून ठेवलेली असे, लाभांशाच्या हिशेबासाठी. तेही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. म्हणजे तिसरा प्रकारही अमरपट्टा घेऊन आलेला नव्हता.

मॉल_मोजणी
मी व्यापारी जागांच्या भाड्याच्या व्यवसायात आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे परत येतो. वर कुणीच जागेच्या अर्थकारणाबद्दल बोललं नाही.

मॉल बांधणाऱ्याला टोकाची मोठी दुकानं हवी असतात, कारण त्यांच्यासाठी माणूस येतो आणि मधल्या छोट्या दुकानांत पैसे सोडतो. म्हणून मोठ्या दुकानाकडून भाडं नाममात्र घेतात, कधी जागा विकूनच टाकतात. खरं भाडं छोटे दुकानदार भरतात. त्यांच्या करारात कलम असतं : टोकाचं मोठं दुकान बंद पडून रिकामं राहिलं तर आमचं भाडं कमी होईल, आणि ठरावीक काळात दुसरं आलं नाही तर आम्ही करार मोडू. म्हणजे एक सिअर्स गेलं की मॉलमालकाचं उत्पन्न तेवढ्यापुरतं नाही, सगळ्या रांगेचं पडतं.

आता २०१८ नंतरचं चित्र डोळ्यांपुढे आणा. बॉन-टॉन गेलं, सिअर्स गेलं, मेसीज आवरतंय. दीड-दोन लाख चौरस फूट जागा घेईल असं या भागात कोण उरलं? जवळजवळ फक्त बॉस्कॉव्ह्ज. त्यामुळे मॉलमालक, कधी गावसुद्धा, दुरुस्तीचा खर्च आम्ही करतो म्हणून गळ घालतात. अशा जागेत सोफे आणि फ्रिज ठेवणं परवडतं. शहराच्या भारी भाड्यात ते परवडलं नसतं. पिंपळपार यांना जो 'तालुका' दिसला तो स्वस्त जागेमुळे शक्य आहे.

म्हणून माझं मत : मालकी, माया, सरकारी कर्ज हे सगळं खरं, पण प्रतिस्पर्धी आधी मेले हे सगळ्यात मोठं कारण.

जुना_खांब
@मॉल_मोजणी, माहितीबद्दल आभार, छोट्या दुकानांच्या कराराचं मला ठाऊक नव्हतं. पण प्रतिस्पर्धी मरेपर्यंत जिवंत राहावं लागतं ना? तेच तर विचारलंय.

माझं म्हणणं असं. हे दुकान सुरुवातीपासून पेन स्ट्रीटच्या दिमाखदार दुकानांहून खालच्या पायरीवर होतं. मालही साधाच ठेवला. पन्नाशी-साठीच्या बायकांचे कपडे, मोठ्या मापाचे कपडे, चर्चला घालायचे कोट, पडदे, चादरी. फॅशन बदलली तरी या गिऱ्हाइकाची गरज फारशी बदलत नाही, आणि हे गिऱ्हाईक इतर कुणाला नको होतं. २००६ मध्ये हे सोडून मोठ्या शहरांच्या मॉलमध्ये गेले आणि दोन वर्षांत अंगाशी आलं. ७९ वर्षांच्या म्हाताऱ्याने परत येऊन नवीन काहीच केलं नाही, जुनंच दुकान परत चालू केलं.

ताळेबंद
@जुना_खांब, यावर आपलं एकमत. कर्जावर नाही.

कोळशाची_खाण
कर्जावर तुमचं-माझंही नाही. पण कधी विल्क्स-बॅरीला आलात तर जेवायला या, समोर बसून भांडू.

पिंपळपार
सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा फारच पुढे गेला. मला अजून एक कळत नाहीये. हे पन्नाशी-साठीचं गिऱ्हाईक आणखी वीस वर्षांनी कोण असेल? आमच्या ऑफिसातली पंचविशीतली मुलं तिथे फक्त नाताळात आजीबरोबर जातात.

मॉल_मोजणी
रेडिंगची दोन तृतीयांश वस्ती आता हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाची आहे, मुख्यतः पोर्तो रिको आणि डोमिनिकन रिपब्लिककडची. सॉलोमनने गिऱ्हाइकाच्या बोलीत धंदा केला होता. आताच्या मालकांना ते जमतंय का, यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही तिथेच आहात, पुढच्या वेळी गेलात की जाहिराती आणि काउंटरवरची माणसं कुठल्या भाषेत बोलतात ते बघून इथे लिहा.

सुगरण_नव्हे
आणि टॉवेलचा भाव पण बघा. पार्ल्याचं कपाट आता उघडायचं ठरलंय.